‘ऐकू येतं’ म्हणजे कानानं की गावानं?

एमडी सायकियाट्रीच्या (मनोविकारशास्त्राच्या) प्रॅक्टिकलला सहा आठवडे उरले होते. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी माझी पहिली मॉक, म्हणजे सरावाची केस घेतली आणि सातव्या मिनिटाला थांबवली.

पेशंट अडतिशीचा, बायकोवर संशय घेणारा. मी झोकात म्हणाले, “ऑडिटरी हॅल्युसिनेशन्स, थर्ड पर्सन, सहा महिन्यांपासून.” म्हणजे कुणी नसताना आपल्याबद्दल बोलणारे आवाज ऐकू येणं. मॅडम म्हणाल्या, “त्याचे शब्द वाच.” कागदावर शब्द नव्हतेच. ‘हिअरिंग व्हॉइसेस’ आणि पुढे अधिकचं चिन्ह, एवढंच. त्या उठल्या, वॉर्डात त्याच्या कॉटपाशी गेल्या, मी मागोमाग. “दादा, बायकोबद्दल ऐकू येतं म्हणालात, ते कसं?”

“अहो, सगळ्या गल्लीत बोलतात. मेव्हण्याच्या कानावर आलं, त्यानं मला सांगितलं.”

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, “ऐकू येतं म्हणजे कानानं की गावानं, हे आधी विचारायचं.” रोज एक क्वार्टर आणि सुट्टीच्या दिवशी दोन, हे मी हिस्टरीत लिहिलं होतं, पण दारू आणि संशय यांचं जुनं नातं माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. स्किझोफ्रेनियाचं निदान घेऊन आत गेलेली मी रिकाम्या हातांनी परत आले. (एक क्वार्टर म्हणजे 180 मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण 60 ग्रॅम, म्हणजे 10 ग्रॅमच्या हिशेबानं सहा युनिट. हे गणित मला झोपेतही येत होतं. त्याचा उपयोग काय, ते त्या दिवशी कळलं.)

ज्यांना या परीक्षेची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तीन वर्षांची रेसिडेन्सी, थिसिस, मग लेखी चार पेपर आणि शेवटी प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलला चार परीक्षक असतात, दोन इंटर्नल आणि दोन एक्स्टर्नल. लाँग केस, शॉर्ट केस, न्यूरॉलॉजीची एक केस आणि टेबल व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. लाँग केसमध्ये अनोळखी पेशंट समोर बसतो, साधारण तासाभरात त्याचं सगळं आयुष्य विचारून घ्यायचं आणि मग ते परीक्षकांपुढे दहा-पंधरा मिनिटांत मांडायचं. लेखी पेपरात पाठांतर तारून नेतं. इथे तोंडच उघडावं लागतं.

आणि अडतं ते भाषेपाशी. तीन वर्षं आम्ही पेशंटशी मराठीत बोलतो, वाचतो इंग्रजीत, राउंडला बोलतो ते तिसऱ्याच कुठल्यातरी भाषेत. या उड्या मारताना मधल्या मधे काय काय सांडतं, ते कुणी मोजत नाही. प्रॅक्टिकलला नेमकं तेच मोजतात. मेंटल स्टेटस, म्हणजे पेशंटच्या मनाची आत्ताची अवस्था लिहिताना पेशंटच्या बोलण्याचा नमुना जसाच्या तसा, त्याच्याच भाषेत उतरवायचा, असं पहिल्या वर्षीच शिकवलेलं असतं. ओपीडीत दीडशे पेशंट असले की ते सगळ्यात आधी गळून पडतं.

त्या रात्री मी स्टोअरमधून दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर पेशंटचे शब्द, उजव्या पानावर त्याचा तांत्रिक अर्थ, आणि खाली बारीक अक्षरात ‘अजून काय विचारायला हवं होतं’. को-रेसिडेंट हसला. म्हणाला, शब्दकोश काढतेस का? दोन आठवड्यांनी तोच वही मागायला आला.

त्या वहीतलं थोडं इथे देते. ‘माझ्या मनातलं सगळ्यांना आधीच कळतं.’ हे ऐकलं की आपण लगेच श्नायडरच्या फर्स्ट रँक सिम्प्टम्सकडे, स्किझोफ्रेनियाच्या ठळक लक्षणांकडे धावतो. पण चाळीस वर्षं संसार केलेली बाई नवऱ्याबद्दल हेच वाक्य कौतुकानं बोलते. म्हणून पुढचा प्रश्न: ‘तोंडावरून कळतं, की न बोलता विचार बाहेर जातात?’ दुसरं: ‘नको ते विचार येतात.’ इथे विचारायचं, विचार तुमचेच आहेत का? ‘माझेच आहेत हो, पण थांबत नाहीत’ म्हणाला तर ऑब्सेशनच्या, मंत्रचळाच्या वाटेनं जायचं. ‘माझे कसे असतील? कुणीतरी घालतंय’ म्हणाला तर वाटच वेगळी. ‘कशात जीव रमत नाही’, ‘डोकं गच्च झालंय’, ‘जिवाची नुसती घालमेल’, ‘पहाटे तीनलाच डोळा उघडतो, मग कोंबडा आरवेपर्यंत पडून’. शेवटच्या एका वाक्यात झोपेचं अख्खं निदान आहे. त्याचं भाषांतर करून ‘स्लीप डिस्टर्ब्ड’ लिहिणाऱ्याला मी आता माफ करत नाही, स्वतःला तर नाहीच.

‘जीव नकोसा झालाय’ यासाठी वहीत चार पानं गेली. आपल्याकडे गुडघे दुखले तरी माणूस हे म्हणतो. पण म्हणून सोडून द्यायचं नाही, पायरी पायरीनं उतरायचं. जगावंसं वाटत नाही का? देवानं उचलावं असं वाटतं का? स्वतःच्या जिवाचं काही करावं असं मनात येतं का? तसं काही ठरवलंय का? मनात आल्यावर कशामुळं थांबलात? हा शेवटचा प्रश्न मला मॅडमनी शिकवला. लेकरं, म्हातारी आई, गोठ्यातली म्हैस, जे उत्तर येईल ते लिहून घ्यायचं. उपचाराच्या आराखड्यात तेच कामाला येतं. पहिल्या वर्षी हे विचारताना माझी जीभ अडखळायची. विचारलं तर उलट डोक्यात भरेल, अशी भीती वाटायची. तसं होत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच बरं वाटतं.

रोज सकाळी सातला एक केस, ओपीडीच्या आधी. घड्याळ टेबलावर. को-रेसिडेंट परीक्षक, मी परीक्षार्थी. दुसऱ्या दिवशी उलट. पंचाईत अशी की वॉर्डातले पेशंट तेच तेच. मॅनियातून, म्हणजे अति उत्साहाच्या आजारातून सावरलेले एक काका होते. मी खुर्ची ओढून बसले, की माझं तोंड उघडायच्या आत सुरू व्हायचे: “त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. आता उलटे वार सांगू का?” शंभरातून सात वजा करण्याची ही चाचणी लक्ष किती टिकतं ते बघायला असते. काकांचं लक्ष टिकत होतं की आमची उजळणी त्यांना पाठ झाली होती, कोण सांगणार? मग मी त्यांना चाळीसातून तीन वजा करायला लावलं. ते रागावले. “हे सिलॅबसच्या बाहेरचं आहे,” म्हणाले.

म्हणींचंही तसंच. अमूर्त विचार तपासायला म्हणीचा अर्थ विचारतात. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ हे आमचं ठरलेलं. एका शेतकरी आजोबांनी शांतपणे उत्तर दिलं, “मग अंगण सारवून घ्यावं की.” मी आनंदानं ‘काँक्रीट’ लिहिलं, म्हणजे शब्दशः अर्थापलीकडे न जाणारा विचार. नंतर त्यांना सहज म्हटलं, तुमच्याकडची एखादी म्हण सांगा. त्यांनी सहा सांगितल्या, अर्थासकट, आणि त्यातल्या दोन माझ्यावरच बेतलेल्या होत्या. ‘काँक्रीट’ खोडलं. उलट एका एकोणीस वर्षांच्या मुलानं म्हण ऐकून “हे आम्हाला ऑप्शनला होतं” असं सांगितलं. तेव्हापासून मी आधी विचारते, ही म्हण ऐकलीय का?

बाकीचा अभ्यास कुठल्याही परीक्षेसारखाच, कोरडा. न्यूरॉलॉजीची मात्र धास्ती होती. हातोडी हातात घेतली की आम्हा सायकियाट्रीवाल्यांच्या चेहऱ्यावर पाहुण्याचा भाव येतो. मेडिसिनच्या एका मैत्रिणीनं तीन रविवार वाया घालवून माझ्याकडून रिफ्लेक्स घोटून घेतले. सायकॉलॉजिकल टेस्ट टेबलावर मांडून ठेवतात: रोर्शाकची शाईच्या डागांची दहा कार्डं, बेंडर-गेस्टाल्टच्या बघून काढायच्या नऊ आकृत्या, बुद्धी मोजायची भाटियांची बॅटरी. त्या बॅटरीतल्या पाच चाचण्यांपैकी चारच मला कायम आठवायच्या. पाचवी दर वेळी वेगळी विसरायची, हे विशेष.

कायदा मी आणि को-रेसिडेंटनं मेसमध्ये जेवताना पाठ केला. 2017चा मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट. कलम 86 म्हणजे स्वतःहून भरती, कलम 89 म्हणजे नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हच्या, पेशंटच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून तीस दिवसांपर्यंतची भरती, त्यापुढे 90. कलम 115 म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, खटला भरायचा नाही. भूल आणि मसल रिलॅक्संट दिल्याशिवाय ईसीटी, म्हणजे विजेचे उपचार देता येत नाहीत. वाढपी काका एकदा म्हणाले, “डॉक्टर, वकिली करताय का?”

औषधांमध्ये लिथियमवर, मूडचे चढ-उतार आवरणाऱ्या औषधावर माझा जीव होता. शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी रक्त, पातळी 0.6 ते 1.2, थायरॉइड आणि किडनी बघत राहायचं, हे पुस्तकात आहे. मॅडमनी विचारलं ते वेगळं: “मे महिन्यात लिथियमवरच्या शेतमजुराला काय सांगशील?” मी थायरॉइड सांगायला लागले. त्या म्हणाल्या, “पाणी. तो दिवसभर उन्हात घाम गाळतो, संध्याकाळी गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेऊन खातो. त्याचं लिथियम कुठे जाईल?” वर जाईल. घाम गाळून शरीर आटलं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि तसल्या वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालतात. हात थरथरणं, जुलाब, अडखळती चाल दिसली, की गोळी थांबवून थेट दवाखान्यात. हे त्याला त्याच्या भाषेत सांगता आलं तरच तू सायकियाट्रिस्ट, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण बघितलं तसंच.

परीक्षेचा दिवस जूनमधला. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, नुसता उकाडा. पांढरा एप्रन इस्त्री करून आणलेला, तो नऊ वाजेपर्यंत पाठीला चिकटला. चिठ्ठी उचलली. लाँग केस: बावन्न वर्षांच्या बाई, मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या. (त्यांची ओळख पटेल अशा खुणा मी बदलल्या आहेत.) शेजारी थोरला मुलगा, गुडघ्यावर डबा धरून.

डब्यातली भाकरी तशीच होती. चार महिन्यांपासून झोप नाही, बोलणं तुटक, महिन्याभरापासून जेवण जवळजवळ बंद. मुलगा म्हणाला, तरुणपणी नवरात्रात हिच्या अंगात यायचं, त्याचंच काहीतरी असावं. मी विचारलं, किती वेळ यायचं? आरती संपेपर्यंत. नंतर? उठून पुरणाचा स्वयंपाक करायची. मनातल्या मनात वहीचं उजवं पान उघडलं: गावाला मान्य असलेल्या प्रसंगी, मान्य वेळेपुरतं, नंतर काही त्रास नाही. तो आजार नव्हे.

तासाभरानं परीक्षक आले. एक्स्टर्नलपैकी एक सर दक्षिणेकडचे, मराठीचा गंध नसलेले. मी मांडायला लागले. अपराधगंडाचा मुद्दा आला तसे ते म्हणाले, मला ऐकायचंय, माझ्यासमोर विचारा आणि भाषांतर करून सांगा.

मी स्टूल पुढे ओढलं. “मावशी, मघाशी काय म्हणाला होतात? परत सांगता?”

“काय सांगू बाई. माझे भोग हायेत.”

सर माझ्याकडे बघत होते. ‘भोग’ला इंग्रजीत काय म्हणायचं? ‘सफरिंग’ म्हटलं तर अर्धंच सांगितल्यासारखं, ‘पनिशमेंट’ म्हटलं तर मीच तिच्या तोंडात अपराध घातल्यासारखं. दोन-तीन सेकंद गेले असतील, पण ते मला अजून मोजता येतात. शेवटी मी सरांना सांगितलं, की हा आमच्याकडचा रोजचा शब्द आहे, वाट्याला आलेलं सोसणं असा त्याचा अर्थ. यावरून मी गिल्ट म्हणणार नाही, अजून विचारते.

“भोग कशाचे, मावशी?”

“ते कुणाला ठावं? असत्यात समद्यांचेच.”

इथपर्यंत ती गावातल्या कुठल्याही बाईसारखीच बोलत होती. मी विचारलं, मग जेवत का नाही?

तिनं पहिल्यांदा मान वर केली. “औंदा पाऊस न्हाई पडला तो माझ्यामुळं. गाव उपाशी मरतंय, मी कशी जेवू?”

“गावातले लोक तसं म्हणतात?”

“न्हाई. ते म्हंत्यात येड लागलंय हिला. त्यास्नी कुठं ठावं.”

“चुकून तुमचा काही गैरसमज तर नाही ना? शंभर टक्के खात्री?”

“सूर्य उगवतोय का न्हाई? तशी.”

हे मात्र मी शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं. भोग सगळ्या गावाचे, पाऊस मात्र तिच्या एकटीचा. यातलं एक समजूत आणि दुसरं डिल्युजन, आजारातला ठाम भ्रम, हे मला समजावावं लागलं नाही. सिव्हिअर डिप्रेशन विथ सायकोटिक सिम्प्टम्स, म्हणजे भ्रमासह तीव्र नैराश्य, असं मी निदान सांगितलं, जेवण बंद आहे म्हणून ईसीटी पहिला पर्याय, नाहीतर अँटिडिप्रेसंट आणि अँटिसायकॉटिक जोडीनं. माझी गाडी रुळावर आली होती.

तेवढ्यात दुसऱ्या परीक्षकांनी विचारलं, मुलं किती? तीन. प्रत्येक बाळंतपणानंतर कशी होती?

मी हे विचारलंच नव्हतं. पूर्वीचा आजार विचारला होता, मुलगा म्हणाला काही नाही, मी ‘निल’ लिहून पुढे गेले. मुलगा थोरला, त्याला काय माहीत असणार! ‘नथिंग सिग्निफिकंट’ हे शब्द अगदी जिभेवर आले होते. तीन वर्षांत ते किती वेळा सहज बोलून गेलेय, देव जाणे. पण मॅडमचा एकच दंडक होता: न विचारलेलं ‘नाही’ म्हणून सांगायचं नाही. मी म्हटलं, “आय डिड नॉट आस्क, सर.”

“देन आस्क नाऊ.”

मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “धाकट्याच्या येळी दोन महिने माहेरीच व्हते. पोराला जवळ घेत न्हवते. आईनं सांभाळलं. काय वाटतच नव्हतं, बघा.”

मुलानं डबा खाली ठेवला. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं.

म्हणजे हा पहिला आजार नव्हता. आयसीडी-10च्या, आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या भाषेत F32.3चं F33.3 झालं, रिकरंट, पुन्हा पुन्हा येणारं. म्हणजे औषधं किती काळ चालवायची तेही बदललं. हे सगळं मी चारही परीक्षकांसमोर उभ्या उभ्या, आवाजाचा कंप लपवत बदलून सांगितलं. मॅनिया कधी येऊन गेला होता का, हे मात्र सुदैवानं आधी विचारलेलं होतं.

शॉर्ट केस, न्यूरॉलॉजी, सगळं पार पडलं. टेबल व्हायवाला ईईजीवर, मेंदूच्या आलेखावर तीन हर्ट्झचे स्पाइक-अँड-वेव्ह ओळखले, क्लोझापिन या अँटिसायकॉटिकचे पहिले 18 आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजायच्या हे सांगितलं. भाटिया बॅटरी समोर आली तेव्हा ‘पास-अलाँग’ ही चाचणी विसरले. इंटर्नल सर हसू दाबत होते. मॉकला मी वेगळीच विसरले होते.

संध्याकाळी पाचला सुटले. कँटीनमध्ये बाकीचे एकमेकांना ‘तुला काय विचारलं’ करत बसले होते. मला तिथे बसवेना. एप्रन काढून हातावर टाकला आणि वॉर्डात गेले. मावशी खिडकीकडे तोंड करून बसली होती. मुलानं तिला चमच्या-दोन चमच्यांनी वरण पाजलं होतं, भाताला तिनं हात लावला नव्हता.

“झालं का तुमचं?” तिनं विचारलं.

“झालं, मावशी. तुम्हाला फार बोलायला लावलं.”

“त्या साहेबाला काय सांगितलंस माझं? इंग्लिशमधी?”

मी सांगितलं. झोपेचं, जेवणाचं, माहेरच्या त्या दोन महिन्यांचं, पावसाचं. ती लक्ष देऊन ऐकत होती. आपलं बोलणं नीट पोचलं की नाही, हे तपासत असल्यासारखी.

“मग पावसाचं काय म्हणाले?”

“म्हणाले, पाऊस कुणा एका माणसामुळं थांबत नाही.”

तिनं परत खिडकीकडे तोंड केलं. “त्येला काय ठावं,” ती म्हणाली. “त्यो परमुलखातला.”